विमा आहे, पण दवाखाना कुठे आहे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. वैद्यकीय सोयी तोकड्या असलेल्या देशात काही दिवसांसाठी किंवा काही वर्षांसाठी जायचे असेल, तर प्रकृतीची, सुरक्षिततेची आणि विम्याची तजवीज कशी करावी, असे वाचकांनी विचारले आहे. 'कोणती पॉलिसी घ्यावी' हा त्यांतला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. प्रवाशांना लसीकरणाचा सल्ला देण्यात आणि नंतर विम्याच्या दाव्यांची वैद्यकीय कागदपत्रे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे या प्रश्नाआधी मला दुसराच प्रश्न सुचतो: पॉलिसी बिलाचे पैसे देईल, पण ज्या दवाखान्याचे बिल व्हायचे तो दवाखाना तिथे आहे का? पत्रलेखकांची आणि ते जात असलेल्या देशांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न: माझ्या पतींची त्यांच्या कंपनीने आफ्रिकेतील एका देशात दोन वर्षांसाठी बदली केली आहे. कामाचे ठिकाण राजधानीपासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे. मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी बरोबर जाणार आहोत. 'तिघांचाही ट्रॅव्हल इन्शुरन्स आम्ही काढू, काळजी नको,' असे कंपनी म्हणते. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर: पुरेसे नाही, आणि कंपनीला हे लेखी विचारण्याची वेळ आत्ताच आहे. प्रवास विमा वेगळा आणि परदेशात राहणाऱ्यांचा आरोग्य विमा वेगळा, हे मनुष्यबळ विभागातल्या मंडळींनाही पुष्कळदा ठाऊक नसते. माणूस थोड्या दिवसांसाठी बाहेर गेला आहे, त्याचे घर मागे आहे, आणि अचानक काही झाले तर त्याला सावरून घरी पोचवले की आपले काम संपले, असे प्रवास विमा गृहीत धरतो. म्हणून तो अचानक उद्भवलेल्या आजाराचा आणि अपघाताचा खर्च देतो. नियमित तपासण्या, मुलांच्या वेळापत्रकातील लसी, बाळंतपण, जुन्या आजाराची दरमहा लागणारी औषधे यांच्याशी त्याला बहुधा कर्तव्य नसते. एका सलग प्रवासाला दिवसांची मर्यादाही असते. तुम्ही तिकडे घर मांडले, मुलीचे नाव शाळेत घातले, की पॉलिसीच्या भाषेत तुम्ही प्रवासी उरत नाही, आणि हप्ता भरलेला असूनही दावा अडू शकतो.

तुम्हाला हवा आहे तो दरवर्षी नूतनीकरण होणारा आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा. त्यात बाह्यरुग्ण उपचार धरले आहेत का, सुट्टीत मायदेशी आल्यावर घेतलेले उपचार धरले आहेत का आणि किती दिवसांपर्यंत, बाळंतपणासाठीचा प्रतीक्षा काळ किती (तो साधारण दहा-बारा महिन्यांचा असतो), आणि तिघांच्या आधीच्या आजारांबाबत काय ठरले आहे, हे कंपनीला विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारचे असू शकते. काही विमा कंपन्या सगळा वैद्यकीय इतिहास आधीच मागून घेतात आणि काय देणार, काय देणार नाही ते सुरुवातीलाच लिहून देतात. काही कंपन्या आधी काहीच विचारत नाहीत. मात्र ठरावीक काळ, बहुधा दोन वर्षे, जुन्या आजाराचा खर्च देत नाहीत आणि दावा आल्यावर मागचे सगळे उकरून काढतात. दुसरा प्रकार कागदपत्रांना सोपा वाटतो. माझी पसंती पहिल्याला आहे, कारण कटकट व्हायचीच असेल तर ती घरी बसून झालेली बरी.

आता त्या २५० किलोमीटरबद्दल. पॉलिसीत 'वैद्यकीय स्थलांतर' हे शब्द दिसले की माणसे निश्चिंत होतात. हे कलम असलेच पाहिजे, पण ते नीट वाचले पाहिजे. त्यात बहुधा दोन अटी असतात: स्थलांतर वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असले पाहिजे, आणि ते सर्वांत जवळच्या योग्य रुग्णालयात होईल. आवश्यक आहे की नाही हे विमा कंपनीने नेमलेला डॉक्टर ठरवतो. आणि सर्वांत जवळचे रुग्णालय म्हणजे राजधानीतले किंवा शेजारच्या देशातले, तुमच्या माहेरच्या गावचे नव्हे. हवाई रुग्णवाहिका मंजूर झाली तरी धावपट्टीवर रात्री दिवे असावे लागतात, दोन देशांच्या परवानग्या लागतात, सोबत जाणाऱ्याचा व्हिसा लागतो, आणि रुग्ण उड्डाण झेपेल इतका स्थिर असावा लागतो. हे सगळे जुळायला एक दिवस सहज जातो. तोवर तुम्ही त्याच गावातल्या डॉक्टरच्या हाती असता.

मी तपासलेल्या दाव्यांपैकी एक अजून आठवतो. अपेंडिक्सचा रुग्ण, भरभक्कम पॉलिसी, आणि गावात रुग्णवाहिकाही होती. पण तिचा चालक संध्याकाळी किल्ली खिशात घालून घरी जाई, आणि त्याचे घर कुठे हे त्या रात्री कोणालाच सांगता आले नाही. रुग्ण मालवाहू पिकअपच्या हौद्यात सतरंजीवर आडवा होऊन राजधानीला पोचला. त्या पिकअपच्या भाड्याची पावती वहीच्या फाडलेल्या रेघी कागदावर हाताने लिहिलेली होती, आणि ती ग्राह्य धरायची की नाही यावर आमच्याकडे अर्धा तास खल झाला. शेवटी धरली.

तेव्हा तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, सगळे धडधाकट असताना, जवळच्या रुग्णालयात स्वतः जाऊन या. रात्री शल्यविशारद असतो की बोलवावा लागतो, लहान मुलांचा डॉक्टर आहे का, रक्तपेढी आहे का, ऑक्सिजन कायम असतो का, विमा कंपनीकडून थेट पैसे घेतात की आधी रोख अनामत भरावी लागते, हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी अनामत भरल्याशिवाय दाखल करून घेत नाहीत, म्हणून तेवढी रोकड घरात असू द्या. तिघांचे रक्तगट लिहून ठेवा. कोणाचा आरएच निगेटिव्ह असेल तर अधिकच लक्ष द्या, कारण असे रक्तदाते युरोपच्या मानाने आफ्रिकेत बरेच कमी आहेत. राजधानीचा रस्ता दिवसा किती तासांचा आणि पावसाळ्यात किती तासांचा, हे तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारा. तिथले जुने रहिवासी सांगतील ती माहिती कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

मुलीसाठी निघण्याच्या निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यात तुमचे ठिकाण येत असेल तर मेनिंगोकोकल लस घ्यावी लागेल. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांची मात्रा मुलांना वजनावर ठरते आणि ते वजन दोन वर्षांत वाढणार आहे, हे ध्यानात ठेवा. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मात्र तिघांनाही रोज हवी, गोळ्या चालू असल्या तरी.

प्रश्न: माझे पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड २०१२ सालचे आहे. त्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली आहे. पुन्हा लस घ्यावी का?

उत्तर: त्या कार्डासाठी घेण्याची गरज नाही. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बदल झाला असून पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. हा बदल आधी दिलेल्या कार्डांनाही लागू आहे. फक्त कार्डावरचे नाव पासपोर्टाशी जुळते आहे ना, आणि केंद्राचा शिक्का पुसट झालेला नाही ना, ते पाहा. ज्यांना पहिल्यांदाच लस घ्यायची आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होते, आणि साथीचा धोका असलेल्या देशात नुसते विमान बदलण्यासाठी थांबलात तरी पुढचा देश ते मागू शकतो. ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठीच्या पुढच्या आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींनी ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न: मी ६७ वर्षांचा असून १४ वर्षांपासून मधुमेही आहे, इन्सुलिन घेतो. पत्नीला रक्तदाब आहे आणि ती झोपेची गोळी घेते. तीन आठवड्यांच्या सहलीसाठी विमा काढताना एजंट म्हणाला, 'मधुमेह लिहू नका, हप्ता वाढेल.' काय करावे?

उत्तर: लिहा, आणि एजंट बदला. हप्त्यात वाचलेली रक्कम किती, हे दावा करायची वेळ आल्यावर कळते. समजा, तिकडे तुमच्या छातीत दुखू लागले. रात्री दोन वाजता दाखल करून घेणारा डॉक्टर पहिला प्रश्न विचारील, आधीचे काही आजार? तुम्ही खरे सांगाल, आणि सांगितलेच पाहिजे, कारण त्यावर उपचार ठरतात. तो केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहील: '१४ वर्षांपासून मधुमेह, इन्सुलिन चालू.' तोच कागद दाव्यासोबत विमा कंपनीकडे जातो. मग हृदयविकाराचा आणि मधुमेहाचा संबंध जोडायला कंपनीला वेळ लागत नाही, आणि माहिती दडवली या कारणावरून संपूर्ण पॉलिसीच रद्द होऊ शकते. जाहीर केलेला आजारही आपोआप धरला जातो असे नाही. काही पॉलिसींत तो फक्त जीवावर बेतले तरच धरतात, काहींत गेल्या काही महिन्यांत औषध बदललेले नसावे अशी अट असते. हे कलम विकत घेण्याआधी लेखी मागून घ्या.

इन्सुलिनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण यातली चूक विम्याने भरून निघत नाही. इन्सुलिनच्या कुप्या सर्व देशांत सारख्या तीव्रतेच्या नसतात. काही देशांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची कुपी अजूनही सर्रास मिळते. बहुतेक देशांत मात्र १०० युनिटचीच. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. तुम्ही ४० ची सिरिंज घेऊन गेलात, कुपी तिकडे फुटली, आणि दुकानातून मिळालेली १०० ची कुपी त्याच सिरिंजेने वापरलीत, तर २० युनिटच्या खुणेपर्यंत ओढलेल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये २० नव्हे, ५० युनिट असतील. अडीच पट मात्रा म्हणजे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरणे, आणि तेही अनोळखी गावात, कदाचित झोपेत. म्हणून साठा लागेल त्याच्या दुप्पट न्या आणि तो दोन पिशव्यांत विभागा. कुपी बदलावी लागली तर त्याच तीव्रतेची सिरिंजही सोबत घ्या. इन्सुलिन विमानाच्या मालसामानात टाकू नका. तिथे ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी फेकून द्यावे.

पत्नीच्या गोळीचाही विचार करा. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांवर कित्येक देशांत निर्बंध आहेत. काही ठिकाणी आधी परवानगी लागते आणि बऱ्याच ठिकाणी तीस दिवसांहून अधिक साठा चालत नाही. औषधे मूळ वेष्टनातच ठेवा, आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी सही-शिक्क्यासह घ्या, कारण कंपनीने दिलेले नाव सीमेपलीकडे कोणाला कळेलच असे नाही. तिकडे औषध घेण्याची वेळ आली तर रुग्णालयाशी जोडलेल्या किंवा परवानाधारक दुकानातूनच घ्या. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहांपैकी एक वैद्यकीय उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ मधील अंदाज आहे. स्वस्त सुट्या गोळ्यांच्या पुडीचा मोह धरू नये.

प्रश्न: जुलाबांसाठी प्रतिजैविक सोबत न्यावे का?

उत्तर: डॉक्टरांनी लिहून दिले तर न्या, पण ते पहिल्या जुलाबाला घेण्यासाठी नाही. बहुतेक जुलाब दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. तोवर शरीरातले पाणी टिकवणे हाच उपचार. जलसंजीवनीची पाकिटे न्या. ती संपलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घ्या. मीठ मोजूनच घाला, अंदाजाने नको. पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे उकळावे. जुलाबात रक्त असेल किंवा ताप चढत असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न: माझ्या मुलीला परदेशात एका देवळापाशी माकडाने हाताला ओरखडले; थोडे रक्त आले. तिथल्या दवाखान्यात फक्त धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. त्याला नऊ दिवस झाले. आता उशीर झाला का?

उत्तर: या पत्राचे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून ते मिळाल्या दिवशीच फोनवर दिले. इथे इतरांसाठी देत आहे. उशीर झालेला नाही. लक्षणे दिसेपर्यंत रेबीजची लस सुरू करता येते, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून ती आजच सुरू करायची. रक्त आलेला ओरखडा हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो. त्याला लशीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, द्यावे लागते. लशीचा पहिला डोस घेतल्यापासून सात दिवसांच्या आत ते देता येते. या मुलीला एकही डोस मिळालेला नव्हता, म्हणून तिला दोन्ही एकदमच द्यायला हवे होते.

जखम झाल्या क्षणी काय करावे, हे प्रत्येकाने शिकून जावे. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवावे. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ आहे. नळाखाली हात धरून उभे राहिलात की कळते, दोन मिनिटांतच 'झाले आता' असे वाटू लागते. जखमेवर हळद, मिरची, तेल काही लावू नये. प्राणी घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, असे कोणी छातीठोक सांगितले तरी त्यावर विसंबू नये.

खरी अडचण लशीची नसून इम्युनोग्लोब्युलिनची आहे. पुष्कळ देशांत ते फक्त राजधानीत मिळते, काही ठिकाणी तिथेही नाही. यासाठीच दुर्गम भागात, मुलांना घेऊन किंवा दीर्घ काळासाठी जाणाऱ्यांना मी निघण्याआधीच लस घ्यायला सांगतो. एक आठवड्याच्या अंतराने दोन डोस पुरतात. मग प्राणी चावला तरी इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जखम धुवायची आणि तीन दिवसांच्या अंतराने लशीचे दोन डोस घ्यायचे, ते मात्र घ्यायचेच. पॉलिसीने जे औषध तिथे पोचवता येणार नाही, त्याची गरजच या दोन इंजेक्शनांनी संपते.

प्रश्न: माझ्या पुतण्याने एका बेटावर स्कूटर भाड्याने घेतली, घसरून पडला आणि पाय मोडला. विमा कंपनीने दावा नाकारला. कारण दिले: परवाना नाही. त्याच्याकडे मायदेशी मोटारीचा परवाना होता आणि आंतरराष्ट्रीय परवानाही काढलेला होता. हे अन्यायकारक नाही का?

उत्तर: तुमची चिडचिड समजते, पण कंपनीचे म्हणणे बहुधा टिकेल. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हा स्वतंत्र परवाना नसून तुमच्या मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर आहे. मूळ परवान्यात जो वाहनप्रकार नाही, तो भाषांतरातही येत नाही. मोटार चालवता येणाऱ्याला दुचाकी चालवण्याची मुभा त्याने मिळत नाही. स्कूटर देणारा दुकानदार परवाना विचारत नाही, यावरून तो लागत नाही असे ठरत नाही. त्याला भाड्याशी मतलब असतो. हेल्मेट नसणे हेही काही पॉलिसींत नकाराचे कारण आहे. केसपेपरवर डॉक्टरने 'तोंडाला दारूचा वास' अशी अर्धी ओळ लिहिली असेल, तर ती खोडून काढणे फार अवघड जाते. पुतण्याच्या कागदांत असे काही आहे का, ते पाहा. नसेल, आणि पॉलिसीच्या मजकुरात परवान्याची अट स्पष्ट लिहिलेली नसेल, तर तक्रार निवारण विभागाकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे दाद मागता येईल. अट स्पष्ट असेल तर वेळ आणि वकिलाची फी वाया घालवू नका.

परदेशात जाणारी माणसे सापांना आणि साथींना भितात आणि रस्त्याला भीत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार रस्ते अपघातांत जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसे मरतात, आणि त्यांतील ९२ टक्के मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. रात्री दोन शहरांमधला प्रवास टाळणे आणि मागच्या सीटवरही पट्टा लावणे, याला एक पैसा लागत नाही. जिथे पट्टाच नाही ती गाडी सोडून दुसरी बघावी. उशीर झाला तर होऊ द्यावा. आणखी एक: गाडी भाड्याने देणाऱ्याकडे पासपोर्ट गहाण ठेवू नका. अपघातानंतर नुकसानभरपाई उकळण्यासाठी तोच पासपोर्ट वापरला जातो.

प्रश्न: उष्ण कटिबंधातील देशातून परतून मला १८ दिवस झाले. हिवतापाच्या गोळ्या विमानतळावर उतरल्यावर बंद केल्या. आता थंडी वाजून ताप येतो. डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे. वाट पाहावी का?

उत्तर: एक दिवसही नको. डॉक्टरांना तुम्ही कुठे होता आणि कोणत्या तारखेला परतलात हे सांगितले आहे का? पत्रात तसे दिसत नाही. हिवतापाची लक्षणे डास चावल्यावर साधारण १० ते १५ दिवसांनी दिसतात, कधी त्याहून उशिरा. आणि फाल्सिपॅरम जातीचा हिवताप उपचाराविना चोवीस तासांत गंभीर होऊ शकतो. म्हणून तुमच्यासारख्या रुग्णात तो हिवतापच आहे असे समजून आजच रक्त तपासावे लागते. पहिला अहवाल नकारात्मक आला तरी १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा तपासावे. डेंग्यूची लक्षणे बहुधा ४ ते १० दिवसांत दिसतात, त्यामुळे १८ दिवसांनी त्याची शक्यता बरीच कमी होते. तरीही निदान होईपर्यंत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा, तापासाठी पॅरासिटामॉलच घ्या.

गोळ्या उतरल्यावर बंद केल्या, ही फार सर्रास होणारी चूक आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन परतल्यावर चार आठवडे, आणि ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस चालू ठेवायचे असते, कारण शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाने सोडलेले जंतू परतीच्या विमानात तुमच्याबरोबरच आलेले असतात. विम्याबाबत एवढेच: बहुतेक प्रवास विमे घरी पोचताच संपतात, म्हणून हा खर्च तुमच्या नेहमीच्या आरोग्य विम्यातून मागा.

प्रश्न: परदेशात बिल भरता आले नाही तर आपला दूतावास भरतो का? रुग्णालयाने पासपोर्ट अडवून ठेवला तर?

उत्तर: दूतावास सहसा बिल भरत नाही. तो घरच्यांना निरोप देतो, डॉक्टरांची आणि वकिलांची यादी देतो, पैसे पाठवण्याचा मार्ग सुचवतो, आणि पासपोर्ट हरवल्यास तात्पुरती कागदपत्रे देतो. अटक झाल्यास तुमच्या वकिलातीला कळवावे अशी मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमाने तुम्हाला दिला आहे. ती मागणी स्वतः तोंडाने करावी लागते. रुग्णालयाने बिलासाठी पासपोर्ट ठेवून घेतला तर वाद घालत बसू नका. लगेच दूतावासाला आणि विमा कंपनीच्या सहाय्य क्रमांकाला कळवा. रुग्णालयाला त्या क्षणी पैशांची हमी हवी असते, आणि हमीपत्र सहाय्य कंपनीच पाठवू शकते. तुम्ही दाखल होतानाच फोन केला असता, तर हा प्रसंग बहुधा आलाच नसता. दाखल झाल्यावर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत कळवण्याची अट पुष्कळ पॉलिसींत असते, आणि ती न पाळल्यामुळे अडकलेले दावे मी ढिगाने पाहिले आहेत.

प्रश्न: पॉलिसीची ४० पाने छापून न्यावीत का?

उत्तर: चाळीस पाने फोनमध्ये ठेवा. खिशात एकच कागद ठेवा, आणि त्याची दुसरी प्रत सोबतच्या माणसाकडे द्या. त्यावर पॉलिसी क्रमांक, सहाय्य क्रमांक, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधांची मूळ नावे आणि घरच्या एका माणसाचा फोन असावा. तिथली भाषा वेगळी असेल तर हेच खाली त्या भाषेतही लिहून घ्या. मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो रुग्णालयाच्या बाहेर पडण्याआधीच काढा, नंतर ते कागद मागून मिळत नाहीत. सहाय्य क्रमांक देशाच्या संकेतांकासह लिहा आणि निघण्यापूर्वी एकदा लावून पाहा. पॉलिसीवर ठळक छापलेला टोल-फ्री क्रमांक परदेशातून बऱ्याचदा लागत नाही. लागतो तो दुसरा क्रमांक आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतो.